सौरपंपाच्या पेटींतील कारभार

मार्कंड्याच्या देवळाकडून चामोर्शीस येतांना धानाच्या बांध्यांमधून अलीकडे काळसर काचेचीं तावदानें उभीं दिसूं लागलीं आहेत. हीं सौरपंपांचीं होत. 2019 सालीं केंद्र सरकारची कुसुम योजना निघाली, व 2024 सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ ही योजना सुरू केली. तींत सर्वसाधारण शेतकऱ्यानें किमतीचा दहावा हिस्सा व अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें विसावा हिस्सा भरावा असें ठरलें. आमच्या जंगलपट्टींत या पंपाचें मोल पैशाहूनहि अधिक आहे. विजेची पाळी रात्रीची आली म्हणजे अंधारांत बांधावर जावें लागतें, आणि वाघाचें व सापाचें भय येथें केवळ गोष्टींतलें नव्हे.

तथापि या पंपाविषयीं एक तक्रार आमच्या कानीं वारंवार येते: ‘सकाळीं मोटार गुणगुणते, पण पाणी येत नाहीं, आभाळ आलें कीं धार बारीक होते, पेटी बिघडली असावी.’ आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानें याच समजुतीनें ऐन रोवणींत पेटी बाजूस सारून मोटार थेट विजेच्या लाइनीस जोडली. मोटार जळाली, आणि पऱ्हे तयार असतां बांध्या तशाच राहिल्या. म्हणून त्या पेटींत काय चालतें हें येथें सांगणें आम्हांस अवश्य वाटतें.

तावदानांतून निघणारी वीज बॅटरींतील विजेप्रमाणें एकाच दिशेनें वाहते. तीन फेजच्या मोटारीस मात्र दिशा पालटणारी वीज हवी. लाइनीची वीज सेकंदास 50 आवर्तनें करिते. हा पालट पेटींतील सहा इलेक्ट्रॉनिक स्विच घडवून आणितात. त्यांत हलणारा भाग नसतो. ते सेकंदास हजारों वेळां चालू-बंद होतात. त्यांस हुकूम देणारा नखाएवढा संगणक असतो. त्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात.

स्विच दोनच गोष्टी जाणतो: पूर्ण चालू व पूर्ण बंद. मग त्यांतून विजेचा दाब कमी-अधिक कसा मिळावा? बांधीचें उदाहरण घेऊं. पाटाचें तोंड दर मिनिटास 15 सेकंद उघडें व 45 सेकंद बंद ठेविलें, तर बांधींत चौथा हिस्सा पाणी जातें. आणि बांधी मोठी असल्यानें तिची पातळी हिसके न घेतां सावकाश चढते. मायक्रोकंट्रोलर हेंच करितो. तो एकापासून 1000 पर्यंत आंकडे पुनःपुन्हां मोजीत असतो. 250 पर्यंत स्विच चालू व पुढें बंद ठेविला, तर 300 व्होल्टांच्या विजेचा सरासरी दाब 75 व्होल्ट पडतो. 500 पर्यंत ठेविला तर 150. मोटारींतील तारेचें वेटोळें येथें बांधीचें काम करितें, कारण तें प्रवाहास एकाएकीं चढूं अगर उतरूं देत नाहीं. चालू काळाची रुंदी क्षणोक्षणीं वाढवीत व घटवीत नेली म्हणजे मोटारीस लाटेसारखा चढउतार करणारा प्रवाह मिळतो. या युक्तीस पल्स-विड्थ मॉड्युलेशन, म्हणजे ठोक्यांची रुंदी राखणें, असें नांव आहे. दाब उतरविण्यासाठीं मध्यें रोध घातला असतां पुष्कळ वीज उष्णतेंत वायां जाते; या उघडझापेंत फारच थोडी जाते.

आतां सकाळच्या तक्रारीकडे वळूं. ऊन कोवळें असतां तावदानें थोडीच वीज देतात. तेवढ्यांत मोटार पूर्ण वेगानें ओढूं गेल्यास तावदानांचा दाब कोसळून ती बंद पडेल. म्हणून मायक्रोकंट्रोलर दाब व प्रवाह सतत मापून, मिळेल तेवढ्या विजेंत मोटार हळू फिरवितो. आवर्तनें कमी करितांना तो दाबहि त्याच प्रमाणांत उतरवितो. तसें न केल्यास प्रवाह वाढून वेटोळें तापेल. वेग 80 टक्क्यांवर आला कीं पंपास लागणारी शक्ति सुमारें निम्मी होते. परंतु पाणी चढविण्याची उंची 64 टक्क्यांवर येते. पूर्ण वेगानें फार तर 50 मीटर चढविणारा पंप तेव्हां 32 मीटरच चढवील. विहीर उथळ असल्यास बारीक धार येईल. बोअर खोल असल्यास मोटार फिरेल, पण पाणी वर येणार नाहीं. हा बिघाड नव्हे. ऊन चढूं द्यावें.

पेटी वगळून मोटार लाइनीस जोडूं नये, हें आतां उघड होईल. सौरपंपाची मोटार बहुधा कमी दाबासाठीं गुंडाळलेली असते, आणि लाइनींत दोन फेजांमध्यें 415 व्होल्ट असतात. पेटी उघडूंहि नये. स्विच बंद केल्यावरहि तींतील कपॅसिटरांत कांहीं काळ वीज भरलेली राहते, आणि ऊन आहे तोंवर तावदानांचा दाब नाहींसा होत नाहीं. पेटीवर सावली व भोंवतीं मोकळी हवा असावी. तावदानांवर मात्र फांदीचीहि सावली नको, कारण तीं एकामागें एक जोडलेलीं असल्यानें एकावरील सावली साऱ्या रांगेस बाधते. धूळ सकाळीं कांच थंड असतां धुवावी.

स्वच्छ दुपारींहि पाणी येत नसेल, तर विहिरींतील पाणी प्रथम पाहावें. तें पुरेसें असून पंप चालत नसेल, तर पेटीवरील दोषाचा आंकडा लिहून घेऊन पुरवठादारास कळवावें. 2024 च्या योजनेंत पांच वर्षांची दुरुस्ती त्याचेकडे आहे.

एक गोष्ट मात्र कोणतीहि पेटी करूं शकत नाहीं: ती नसलेलें ऊन आणूं शकत नाहीं. रोवणीच्या दिवसांत आभाळ भरलेलें असतें, व पाऊस दडी मारूनहि ऊन पडत नाहीं. तेव्हां उघडीप मिळेल त्या दिवशीं दहा ते तीनच्या दरम्यान पंप चालवून जवळची बोडी भरून ठेवावी. ढगाळ दिवशीं पऱ्हे वांचवावयास तेंच पाणी उपयोगी पडेल.