रोमन संस्कृतीची भौगोलिक पार्श्वभूमी

रोमन संस्कृतीची भौगोलिक पार्श्वभूमी : मध्य इटलीत टायबर नदीकाठी वसलेल्या एका लहान वस्तीचा भूमध्य समुद्राभोवतीच्या साम्राज्यापर्यंत जो विस्तार झाला, त्यास साहाय्यभूत व काही बाबतींत प्रतिकूल ठरलेली प्राकृतिक परिस्थिती. तिच्याविषयी प्राचीन लेखकांतच एकमत नव्हते. इतिहासकार लिव्ही याने कामिलस या सेनानीच्या तोंडी घातलेल्या भाषणात आरोग्यदायी टेकड्या, अंतर्भागातील धान्य वाहून आणणारी नदी आणि सोयीपुरता जवळ, परंतु परकीय आरमाराचे भय वाटू नये इतका दूर असलेला समुद्र यांची प्रशंसा आहे. उलट त्याचा समकालीन ग्रीक भूगोलज्ञ स्ट्रेबो याच्या मते रोमची जागा पसंतीने नव्हे, तर निरुपायाने पत्करलेली होती. ती निसर्गतः सुरक्षित नव्हती व नगरास पुरेल इतकी जमीनही सभोवार नव्हती. दोन्ही मतांत तथ्य आहे. तथापि रोमला घडविण्यात अनुकूलतेपेक्षा उणिवांचा वाटा अधिक असावा, असे दिसते.

सु. ४०५ किमी. लांबीची टायबर ॲपेनाइन पर्वतात उगम पावून टिरीनियन समुद्रास मिळते. मुखापासून सु. २५ किमी. आत तिच्या पात्रात एक बेट असून त्याच्या खालच्या बाजूस नदी ओलांडणे सुकर होते. उत्तरेचा एट्रुस्कन प्रदेश व दक्षिणेचा कँपेनिया यांना जोडणारी वाट येथूनच जाई. मुखाजवळच्या मिठागरांतील मीठ डोंगराळ सॅबाइन प्रदेशाकडे नेणारा मार्गही येथूनच पुढे जाई. त्याचे ‘व्हिआ सालारिया’ म्हणजे मिठाचा रस्ता हे नाव अद्याप टिकून आहे. उताराजवळच गुरांचा बाजार भरे. ज्वालामुखीय खडकातून ओहोळांनी कोरलेल्या तीव्र उताराच्या टेकड्या संरक्षणास सोयीच्या होत्या. पॅलाटाइन टेकडीवर इ. स. पू. आठव्या शतकातील झोपड्यांच्या खांबांच्या खळग्या उत्खननात सापडल्या आहेत. टेकड्यांमधील सखल भाग मात्र दलदलीचा होता. तो ‘क्लोआका मॅक्सिमा’ या मोठ्या गटाराने कोरडा केल्यावरच तेथे फोरम हा नगरचौक विकसित होऊ शकला. केवळ स्थानमाहात्म्याने सारे उलगडत नाही. वायव्येस सु. १६ किमी.वरील व्हेयी हे एट्रुस्कन नगर अधिक बळकट पठारावर वसलेले होते, तरीही इ. स. पू. ३९६ मध्ये ते रोमनांच्या हाती पडले.

सु. १,२०० किमी. लांबीची ॲपेनाइनची रांग मध्य इटलीत एड्रिअ‍ॅटिक समुद्राच्या बाजूस झुकलेली आहे. त्यामुळे पूर्व किनारपट्टी अरुंद व चांगल्या बंदरांच्या दृष्टीने उणी, तर पश्चिमेस एट्रुरिया, लेशियम व कँपेनिया ही ज्वालामुखीय मातीची सुपीक मैदाने आहेत. हा पर्वत दुर्लंघ्य नाही, पण त्याच्या खोऱ्यांत सॅम्नाइटांसारख्या लढाऊ टोळ्या राहत आणि मैदानावर उतरत. त्यांच्याशी इ. स. पू. ३४३ ते २९० या काळात झालेल्या युद्धांत रोमने मोक्याच्या जागी वसाहती व त्यांना जोडणारे रस्ते ही पद्धत अवलंबिली. इ. स. पू. ३१२ मध्ये कॅप्युआपर्यंतचा ॲपिअन मार्ग व इ. स. पू. २२० मध्ये ॲपेनाइन ओलांडणारा फ्लेमिनियन मार्ग बांधण्यास प्रारंभ झाला. रोम द्वीपकल्पाच्या मध्यावर असल्याने शत्रूंना एकत्र येण्यापूर्वीच एकेकटे गाठणे त्यास शक्य होई. उत्तरेचा आल्प्स मात्र समजला जातो तितका अभेद्य तट नव्हता. गॉल टोळ्या तो ओलांडून आल्या आणि इ. स. पू. २१८ मध्ये हॅनिबलही आला.

ज्वालामुखीची आणखी एक देणगी म्हणजे बांधकाम साहित्य. नेपल्सच्या उपसागरावरील प्यूटीओली परिसरातील राख चुन्यात मिसळली असता तयार होणारा गिलावा पाण्याखालीही घट्ट होतो. रोमनगराजवळही तशाच प्रकारची राख विपुल होती. धक्के व घुमट यांचे रोमन काँक्रीट यावरच आधारलेले असून पँथीऑनच्या सु. ४३ मी. व्यासाच्या घुमटात वरच्या थरांसाठी हलका सच्छिद्र ज्वालामुखीय दगड वापरलेला आहे.

इटलीतील सत्ता दक्षिण टोकास पोहोचली, तेव्हा पुढे सिसिली होती. मेसिनाची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी केवळ सु. ३ किमी. रुंद आहे. तेथेच कार्थेजशी संघर्ष उद्‌भवला (इ. स. पू. २६४) आणि तोवर मोठे आरमार न बाळगणाऱ्या रोमला ते उभारावे लागले. सिसिली हा रोमचा पहिला प्रांत धान्याचे कोठार ठरला. पुढे नगराची लोकसंख्या १० लक्षांच्या घरात गेली असावी. तिचे पोषण लेशियमच्या आवाक्याबाहेर होते. खुष्कीने धान्य आणणे फार खर्चिक असल्याने आफ्रिका व ईजिप्त येथून ते समुद्रमार्गे येई. इ. स. पू. ३० मध्ये ईजिप्त ताब्यात आल्यावर तांबड्या समुद्रावरील बंदरेही मिळाली आणि मोसमी वाऱ्यांच्या आधारे भारताशी चालणारा व्यापार वाढला. पेरिप्लसमध्ये कल्याण व सोपारा यांचा उल्लेख आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती या संबंधांची साक्ष देते. रोममध्येही या आयातीची खूण राहिली : तेलाच्या फुटक्या कुंभांचा ढीग साचून तेथे सु. ३५ मी. उंचीची एक टेकडीच तयार झाली. प्रसिद्ध सात टेकड्यांत ती गणली जात नाही.

उत्तरेस इ. स. ९ मधील ट्यूटोबुर्ग अरण्यातील पराभवानंतर ऱ्हाईन व डॅन्यूब या नद्या साधारणतः सीमा ठरल्या.

टायबरचे पूर सखल वस्तीत वारंवार शिरत आणि दलदलीच्या भागात हिवताप ठाण मांडून असे. उंब्रियातील लुन्यानो येथील इ. स. पाचव्या शतकातील बालकांच्या दफनभूमीत त्याच्या घातक प्रकाराचा जनुकीय पुरावा मिळाला आहे. नदीमुखाशी गाळ साचत असल्याने मोठी गलबते आत येत नसत. म्हणून सम्राट क्लॉडियसने इ. स. ४२ मध्ये तेथे कृत्रिम बंदर बांधण्यास घेतले व ट्रेजनने त्याला षट्‌कोनी गोदी जोडली. गाळाची क्रिया पुढेही चालू राहिली व किनारा पश्चिमेकडे सरकला. ऑस्टिया या जुन्या बंदरनगराचे अवशेष आज समुद्रापासून सु. ३ किमी. आत असून ट्रेजनच्या गोदीचे तळे झाले आहे.