‘सुहैली’ : विक्रम नाविकाचा, नौका सुतारांची

शेगाव ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे. वऱ्हाडचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून याच मार्गाने मुंबई बंदराकडे जात आला. पण समुद्राची वार्ता मात्र उलट दिशेने वऱ्हाडात क्वचितच आली. त्यामुळे जगातील एका विख्यात शर्यतीत विजयी ठरलेली नौका मुंबईत, भारतीय सुतारांच्या हातून, सागवानी लाकडात घडली, ही गोष्ट आपल्याकडील सुशिक्षितांनाही सहसा ठाऊक नसते. त्या नौकेचे नाव ‘सुहैली’. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेकडून वाहणाऱ्या वाऱ्याला याच नावाने ओळखतात.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी नौदलातील तरुण अधिकारी. मुंबईशी त्याचा संबंध नोकरीमुळे आलेला. १९६३ च्या सुमारास त्याने सहकाऱ्यांसह स्वतःची नौका बांधविण्याचे ठरविले व इंग्लंडमधून आराखडा मागविला. आला तो अपेक्षित आराखडा नव्हता. अमेरिकन रचनाकार विल्यम अॅटकिन यांनी १९२० च्या दशकात काढलेल्या ‘एरिक’ या नौकेचा तो जुना नकाशा होता. त्याचे मूळ कॉलिन आर्चर या नॉर्वेच्या रचनाकाराने वादळात सापडलेल्या मच्छीमारांच्या सुटकेसाठी योजलेल्या बोटींत होते. दोन्ही टोके निमुळती, पोट रुंद, तळ खोल, डोलकाठ्या दोन. लांबी सुमारे ३२ फूट, रुंदी सुमारे ११ फूट. वेगापेक्षा तग धरण्यास प्राधान्य देणारी ही रचना होती. नवा आराखडा मागविण्यास सवड नव्हती, म्हणून आहे त्याच नकाशावर काम सुरू झाले.

सुतारांची हत्यारेही पिढीजात होती : लाकूड तासण्यास वाकस आणि छिद्रे पाडण्यास दोरीने फिरवायचा सामता. डिसेंबर १९६४ मध्ये नारळ फोडून नौका पाण्यात सोडण्यात आली आणि १९६५ च्या अखेरीस ती मुंबईहून निघाली. आफ्रिकेचा किनारा गाठून, पुढे केप टाउनहून कोठेही न थांबता तिने इंग्लंड गाठले.

१९६८ मध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. पहिल्या येणाऱ्यास सुवर्णगोल, सर्वांत कमी वेळ घेणाऱ्यास ५,००० पौंड. नॉक्स-जॉन्स्टनला वास्तविक या सफरीसाठी पोलादाची नवी नौका हवी होती. तिला पैसा पुरविणारा कोणी भेटला नाही, तेव्हा तो ‘सुहैली’ घेऊनच निघाला. भांडवलाच्या टंचाईने केलेली निवड नेहमीच वाईट ठरते असे नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

१४ जून १९६८ रोजी फाल्मथहून निघालेली ‘सुहैली’ २२ एप्रिल १९६९ रोजी तेथेच परतली. ३१२ दिवसांत सुमारे ३० हजार सागरी मैल, म्हणजे ताशी सरासरी चार सागरी मैल. हा वेग सायकलस्वारापेक्षाही कमी आहे. नऊ स्पर्धकांपैकी प्रदक्षिणा पूर्ण करणारा तो एकटाच. फ्रान्सचा मॉयतेसिए मागाहून निघूनही वेगाने अंतर कापत होता. पण त्याने शर्यतच सोडून ताहितीची वाट धरली. टेटलीची नौका बुडाली. क्रोहर्स्टची नौका जुलै १९६९ मध्ये रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबास दिले.

‘सुहैली’ निर्दोष होती असे मात्र म्हणता येणार नाही. अटलांटिकमध्ये असतानाच तिच्या तळाच्या सांध्यांतून पाणी येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने भर समुद्रात बुडी मारून त्या सांध्यांवर कापूस व कॅनव्हासची पट्टी बसविली आणि वरून तांब्याचा पत्रा ठोकला. पुढे स्वयंचलित सुकाणूची यंत्रणा मोडली, बिनतारी यंत्र बंद पडले. न्यूझीलंड सोडल्यानंतर कित्येक महिने त्याचा ठावठिकाणा कोणास लागला नाही. तरीही नौका परतली, कारण बिघडलेले हाताशी असलेल्या साधनांनी दुरुस्त करता येईल अशीच तिची घडण होती; आणि ती घडताना मालकाने जवळून पाहिलेली होती. अर्थशास्त्रात तंत्राची निवड करताना वेग आणि उत्पादकता मोजली जाते. दुरुस्तीयोग्यता हा गुण मात्र हिशेबात क्वचितच धरला जातो.

या नौकेच्या मागे मुंबईची दीर्घ परंपरा उभी आहे. वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मुंबई गोदीत १८१७ मध्ये बांधलेली ‘त्रिंकोमाली’ ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत आहे. ही परंपरा पूर्णपणे खंडित झालेली नाही. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली आणि तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. त्याच कारखान्यात ‘सुहैली’ची प्रतिकृती ‘तुरीया’ही तयार झाली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी हे तिचे नाविक होते. सप्टेंबरमधील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमी यांच्या पाठीस गंभीर दुखापत झाली व त्यांची सुटका करावी लागली. उत्तम नौकाही समुद्रावर मात करतेच असे नाही, हेही यातून ध्यानी घ्यावे.

प्रश्न आहे तो श्रेयाच्या वाटणीचा. नाविकास सरकारी सन्मान मिळाला, रचनाकारांची नावे ग्रंथांत आली; वाकस चालविणाऱ्या हातांची नावे मात्र कोणाच्या ओठी नाहीत. मजुरी चुकती झाली की कारागिराचा संबंध संपला, असे आपण धरून चालतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत सुतार आणि नाव बांधणारे यांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि सवलतीचे कर्ज अशी तिची तरतूद आहे. ही मदत स्वागतार्ह आहे. तथापि प्रतिष्ठा अनुदानातून मिळत नाही. ज्या समाजात पदवीधर मुलगा कारकुनीच्या जागेसाठी वर्षानुवर्षे थांबतो आणि सुताराचा मुलगा बापाचे हत्यार हाती घेण्यास लाजतो, त्या समाजात कौशल्याची किंमत बाजार ठरवीत नाही, रूढी ठरविते.

‘सुहैली’ काही वर्षे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली होती. तेथील कोरड्या हवेने तिच्या फळ्या आक्रसू लागल्या, तेव्हा मालकाने तिला बाहेर काढून पुन्हा पाण्यायोग्य केले. कारागिरीचेही असेच आहे. ती गौरवाच्या काचपेटीत सुकते आणि कामाला लावली तरच टिकते. शेगावच्या शाळेतील शिक्षकाने वर्गात मुंबईच्या या नौकेची कथा सांगावी. पण शर्यत कोणी जिंकली यापाशी न थांबता, नौका कोणी बांधली हा प्रश्नही मुलांपुढे ठेवावा.