गोचीड उडी मारत नाही, ती वाट बघते!

काजूच्या बागेत चाललाय? मग ही आठ पायांची मंडळी ओळखून ठेवा. गोचीड हा कीटक नाही, कोळ्याच्या नात्यातला जीव आहे. तिला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. गवताच्या टोकावर किंवा पातेऱ्यात पुढचे पाय पसरून ती थांबते. याच पायांवरच्या खास अवयवाने तिला आपल्या श्वासातला वायू, घाम, ऊब कळते. आपण घासून गेलो की चिकटलीच!

पण एवढं घाबरायचं कशाला? कारण गोचिडीच्या चाव्यातून होणारा माकडताप. त्याचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातही त्याची साथ आली. धोका जास्त तो गोचिडीच्या पिल्लांचा. ती खसखशीएवढी, चटकन दिसतही नाहीत. हिवाळ्यापासून पावसाळा लागेपर्यंत जपायचं.

रानात जाताना:
🌿 पूर्ण बाह्या, फिकट कपडे. पँट मोज्यात खोचा
🌿 पातेऱ्यावर बसू नका
🌿 उघड्या अंगाला कीटकरोधक लावा
🌿 घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ. काखा, जांघा, कानामागे तपासा. कपडे गरम पाण्यात धुवा
🌿 मेलेल्या माकडाला हात लावू नका, आरोग्य केंद्राला कळवा

चिकटलीच तर? रॉकेल, चटका काही नको. चिमट्याने कातडीलगत धरा, सरळ वर ओढा, जागा साबणाने धुवा. नंतर ताप किंवा जोराची डोकेदुखी आली, तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

बागेत राबणाऱ्या तुमच्या माणसांपर्यंत हे पोचवा. 🙏