तीन लेकरे, एक गाडी आणि आपली जबाबदारी

आपल्या समाजात आता दारापुढे गाडी दिसू लागली आहे. कुणी कर्ज काढून, कुणी जुनी का होईना, पण चारचाकी घेतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या बैलगाडीत बसू दिले जात नव्हते, त्यांच्या नातवंडांनी स्वतःच्या गाडीतून चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला जावे, याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु गाडी आली, तिच्यावर निळे निशाण लागले, पण त्या गाडीत लेकरांना कसे बसवावे याचा विचार आपण केला का? आम्ही तरी केला नव्हता. त्याची शिक्षा आमच्या घरातल्या एका अजाण पोराला भोगावी लागली, म्हणून हा लेख.

आमच्या धाकट्या बंधूंनी जुनी छोटी गाडी घेतली. त्यांना तीन अपत्ये. थोरली आठ वर्षांची, मधला चार वर्षांचा आणि तान्ही. यंदा १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देऊन सर्वजण परतत होते. तान्ही पुढे आईच्या मांडीवर. मागे आमची आई, थोरली आणि मधला. मधल्याला पुढचा रस्ता पाहायचा होता, म्हणून तो दोन सीटांच्या मधे उभा. गाडीचा वेग तीसच्या आसपास असेल. एक मोटारसायकलवाला आडवा आला, बंधूंनी ब्रेक मारला आणि पोर समोर जाऊन आदळले. हनुवटीला चार टाके पडले. तान्ही आईच्या हातून निसटली, ती पायापाशी पडली, सुदैवाने मुका मार लागला. गाडीला ओरखडासुद्धा उमटला नव्हता.

मांडीवरचे मूल सुरक्षित असते, ही आपली जुनी समजूत आहे. हिशेब करून पाहा. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एकदम थांबली, तर आतल्या न बांधलेल्या माणसाला बसणारा तडाखा सुमारे ३२ फुटांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. त्या क्षणी दहा किलोचे लेकरू कित्येक पट जड होते. कोणत्याही आईचे हात, माया कितीही असली तरी, ते धरू शकत नाहीत. आईनेही पट्टा लावला नसेल तर तिचेच अंग लेकरावर चेपते. एकाच पट्ट्यात मायलेकरांनी बसणे हेही तितकेच घातक आहे.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास आसनाने बांधलेले नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने नव्हे, लेकराच्या काळजीने हे करायचे आहे.

कोणत्या मुलाला कोणते आसन?

तान्ह्या मुलाचे आसन गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसवायचे. बाळाचे डोके अंगाच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. उलटे बसवल्याने धक्का मानेवर न येता सगळ्या पाठीवर पसरतो. नव्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे निदान पंधरा महिने तरी असेच बसवावे, आणि आसनाच्या मापात मूल बसते तोवर पुढेही तसेच ठेवणे चांगले. त्यानंतर पुढे तोंड करून, पाच पट्ट्यांचे आसन. साधारण चार वर्षांपुढे, ते आसन अपुरे पडू लागले की बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. त्यामुळे गाडीचा मोठा पट्टा गळ्यावरून न जाता खांद्यावरून आणि पोटावरून न जाता कमरेच्या हाडावरून जातो. मुलाची उंची १३५ ते १५० सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर लागतो.

तीन आसने मावतील का?

इथेच आमची खरी परीक्षा झाली. दुकानात जाण्याआधी आम्ही शिंप्याची टेप घेऊन मागची सीट मोजली. दोन्ही दारांच्या मधे १२७ सेंटिमीटर भरली. लहान मुलांची बरीच आसने ४४ सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतात. तीन मांडली तर १३२ झाली. म्हणजे दार लावायच्या आधीच हिशेब चुकला. तेव्हा आधी मोजा, मग पैसे मोजा.

ज्यांची गाडी थोडी मोठी आहे त्यांनी काही गोष्टी लक्षात घ्याव्यात. उलटे आसन आणि सरळ आसन यांचा रुंद भाग वेगवेगळ्या ठिकाणी येतो, म्हणून ती शेजारी-शेजारी ठेवली तर कधी कधी जागा निघते. पुष्कळ नव्या गाड्यांत आसन अडकवायला आयसोफिक्स नावाच्या लोखंडी कड्या असतात, पण बहुधा फक्त दोन कडेच्या जागांना. कड्यांची जागा हलत नाही. पट्ट्याने बांधलेले आसन मात्र इंचभर सरकवून घेता येते. बूस्टरवरच्या मुलाला स्वतःचा पट्टा लावता-काढता आला पाहिजे, म्हणून त्याला शक्यतो कडेला बसवावे. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल तर तिथे बूस्टर मुळीच चालत नाही. आणि एक आसन दुसऱ्याच्या आधाराने घट्ट बसले असे कधी समजू नये. प्रत्येक आसन स्वतंत्रपणे बांधलेले असावे. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवले तर ते एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये.

बाळाचे पट्टे इतके घट्ट असावेत की खांद्यावर चिमटीत धरता येऊ नयेत. जाड स्वेटर किंवा दुपट्टा पट्ट्याखाली ठेवू नये, थंडी असेल तर वरून पांघरावे. उलट्या आसनात पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून आणि सरळ आसनात रेषेत किंवा किंचित वरून यावा.

सर्वांत महत्त्वाचे, पुढे एअरबॅग चालू असेल तर उलटे आसन पुढच्या सीटवर कधीही ठेवू नये. मोठ्या माणसाला वाचवणारी ती पिशवी फुटते तेव्हा तान्ह्याच्या आसनावर प्रचंड जोराने आदळते.

आईची जागा

आमच्या बंधूंच्या गाडीत तीन आसने मागे मावली नाहीत, हे प्रांजळपणे सांगतो. मधल्या जागेला कमरेचाच पट्टा होता. शेवटी मागे एका कडेला तान्हीचे उलटे आसन, दुसऱ्या कडेला मधल्याचे, दोहोंच्या मधे अंग चोरून भावजय आणि पुढची सीट पूर्ण मागे सरकवून बूस्टरवर थोरली, अशी मांडणी ठरली. मग आईला जागा उरली नाही.

आई रागावली. "तुम्हां सगळ्यांना मांडीवरच वाढवलं, एकालाही काही झालं नाही. आता मीच गाडीत जड झाले का?" बंधूंच्या डोळ्यांत पाणी आले. आम्ही आईला समजावण्याचा खूप प्रयत्न केला, पण उपयोग झाला नाही. शेवटी मधल्याने तिचा हात धरून आपल्या हनुवटीवरच्या व्रणावर ठेवला. आई काही बोलली नाही. २० मार्चला चवदार तळ्यावर जायचे होते, त्या दिवशी ती आमच्यासोबत एस.टी.ने महाडला आली. तळ्याच्या काठी तिने तीनही नातवंडांना जवळ घेतले आणि सर्वांनी मिळून बाबासाहेबांना वंदन केले.

पैसे कुठून आणायचे?

हा प्रश्न खरा आहे. साध्या आसनालाही काही हजार रुपये पडतात, आणि तीन घ्यायची म्हणजे पगार हलतो. पण नामकरणाला आपण किती फ्रॉक, चांदीचे वाळे, खेळणी देतो? चार नातेवाइकांनी वर्गणी काढून एक आसन दिले तर? १४ एप्रिलच्या डीजेच्या खर्चातून वस्तीला किती बूस्टर येतील? एका घरातले मूल मोठे झाले की आसन दुसऱ्या घरी जावे, विहारातल्या महिला मंडळाने त्याची नोंद ठेवावी. मात्र अपघातात सापडलेले, तडा गेलेले किंवा ज्याचा पूर्वेतिहास ठाऊक नाही असे जुने आसन घेऊ नये. नवीन घेताना आर ४४, आर १२९ किंवा भारतीय एआयएस-०७२ या मानकांची खूण पाहावी.

ज्यांच्याकडे मोटारसायकलच आहे त्यांनीही ध्यानात घ्यावे. चालकामागे एकाच माणसाला परवानगी आहे. २०२२ साली केंद्र सरकारने काढलेल्या नियमाप्रमाणे चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या वर नको.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी आपली चार लेकरे गमावली. गरिबीपुढे आणि आजारापुढे त्यांचा इलाज चालला नाही. आज आपल्याकडे थोडे पैसे आहेत, ज्ञान आहे, साधने आहेत. आता जर लेकरू गेले तर ते गरिबीने नव्हे, बेपर्वाईने गेले असे म्हणावे लागेल. तथागतांनी अप्रमादाचा, म्हणजे सावधपणाचा मार्ग सांगितला. तो वंदनेपुरता नाही. गाडीची किल्ली फिरवण्यापूर्वी मागे वळून तीनही पट्टे तपासणे, हाही अप्रमादच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!