नव्या बंदुकीचं तेलपाणी : समज आणि वस्तुस्थिती

बोर व्याघ्रप्रकल्पाच्या आजूबाजूचा सेलू, कारंजा, आष्टी, आर्वीचा भाग म्हणजे रानडुकरं आणि रोह्यांचा भाग. सोयाबीन, तूर, हरभरा, संत्रा, काहीच सुटत नाही. इथल्या काही कास्तकारांकडे पीक संरक्षणासाठी परवान्यावर घेतलेली बारा बोअरची बंदूक असते. पोलीस पडताळणी आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा झाल्यावर हाती आलेली ही वस्तू महागाची असते, म्हणून पहिल्या वर्षी तिचे फार लाड होतात. माझं ठाम मत आहे की नव्या बंदुकीचं नुकसान दुर्लक्षापेक्षा या लाडांनी जास्त होतं.

त्यात आणखी एक गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची मुभा नव्हे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणजे बंदूक चालते क्वचित आणि घरात पडून राहते फार. तिचा झगडा बारुदाशी कमी आणि हवेशी, घामाशी, चुकीच्या तेलांशी जास्त असतो.

‘नळीला काळा रंग आहे, आता गंज चढत नाही’

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत महागात पडणारा समज हाच. नळीवरचा तो निळसर काळा थर, म्हणजे ब्लूइंग, हा रंग नाहीच. पोलादाचा वरचा पापुद्रा रासायनिक क्रियेनं मॅग्नेटाइट नावाच्या लोहाच्या ऑक्साइडमध्ये बदलून तो तयार करतात. तांबडा गंज हेही लोहाचंच ऑक्साइड. दोघं एकाच घराण्यातले. हा थर अतिशय पातळ, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो आणि त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. त्या छिद्रांत तेल धरून ठेवणं हेच त्याचं मोठं काम. तेल असलं तर नळी वाचते. कोरडी ठेवली तर ब्लूइंग असूनही पावसाळ्यात तिच्यावर तांबूस ठिपके उमटतात.

गंज आणि ब्लूइंग एकाच घराण्यातले असल्यामुळे गंजाला खाणारं प्रत्येक आम्ल ब्लूइंगलाही खातं. चिंच, लिंबू, व्हिनेगर, तांब्यापितळेची भांडी घासायची पावडर, बाजारात मिळणारी गंज काढायची द्रावणं, यांतलं काहीही लावलं की गंजाबरोबर काळा थरही जातो आणि पांढुरका टवका उरतो. सुरुवातीचा हलका गंज तेलात भिजवलेल्या मऊ सुती फडक्यानं, घाई न करता, चोळूनच काढावा.

दुनळी असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. दोन नळ्या बहुधा शिसं-कथलाच्या डाकानं जोडलेल्या असतात. ब्लूइंगची जी झटपट रीत आहे, तिच्यात पोलाद कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात बुडवतात. हे द्रावण डाकच खाऊन टाकतं. म्हणून दुनळीचं ब्लूइंग सावकाशीच्या रीतीनं होतं: मुद्दाम हलका गंज चढवायचा, नळ्या पाण्यात उकळून तो काळा करायचा, घासायचा, आणि हे कित्येक वेळा पुन्हा करायचं. कुणी एका दिवसात दुनळी नवी करून देतो म्हणाला, तर तो कोणती रीत वापरतो हे आधी विचारा.

‘नवीच आहे, तेलबिल कारखान्यातूनच आलंय’

आलेलं असतं ते ग्रीस, आणि ते असतं साठवणीसाठी. फिरत्या भागांत ते राहिलं तर शिवारातली धूळ त्यात बसते आणि बारीक सहाणेसारखी चालत राहते. नळीच्या आत जाड ग्रीस ठेवून बार काढणं तर सरळ धोक्याचं, कारण तो अडथळाच असतो आणि त्यानं नळी फुगू शकते. तेव्हा पहिलं काम बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करण्याचं; दुसरं, काडीला चिंधी लावून ग्रीस पूर्ण पुसण्याचं; आणि तिसरं, हलक्या तेलाचा नवा हात देण्याचं.

‘तेल ते तेल, कोणतंही लावा’

घरात असतं ते हाताशी येतं, ही अडचण समजण्यासारखी आहे. पण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली थिजतं, आणि डिसेंबरात जागलीच्या रात्री पारा त्याच्या पुष्कळ खाली असतो. थिजलेल्या तेलानं आतले भाग जड चालतात. सरकीचं तेल हवेत हळूहळू चिकट होत जातं. शेंगदाण्याचं खवट होतं आणि खवटपणाबरोबर त्यात आम्लं वाढतात. रॉकेल साफसफाईला चालतं, पण ते उडून जाताना आधीचं तेलही धुऊन नेतं, म्हणजे रॉकेलनं पुसून ठेवलेली बंदूक उघडीच ठेवल्यासारखी. ट्रॅक्टरमधून काढलेल्या काळ्या ऑइलमध्ये काजळी आणि आम्लं दोन्ही असतात. डब्ल्यूडी-४०चा फवारा पाणी हुसकावण्यासाठी बनला. भिजलेल्या बंदुकीवर तो उपयोगी आहे, पण महिनाभराच्या राखणीला पुरत नाही. बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचं स्वच्छ खनिज तेल चांगलं काम देतं.

आणि किती? फडकं नुसतं ओलसर होईल इतकंच. जास्त तेल घालून बंदूक नळी वर करून उभी ठेवली की ते तेल हळूहळू खाली उतरतं आणि दस्त्याच्या तोंडाशी लाकडात मुरतं. तिथलं लाकूड काळवंडतं, मऊ पडतं आणि एखाद्या बाराच्या धक्क्यानं मुठीपाशी चिरतं. ही चीर तेल न मिळाल्यानं नव्हे, तेल जास्त झाल्यानं पडलेली असते. तेल दिल्यावर एक-दोन दिवस नळी खाली करून ठेवावी.

दस्त्याला जवसाचं तेल

हा सल्ला विदर्भात सहज मिळतो, कारण जवस आपल्या शेतातला आणि चटणीतला. सल्ला अर्धा बरोबर आहे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं, म्हणून अक्रोडाच्या लाकडाला ते शतकानुशतकं लावत आले. पण ते फक्त तेलाचं पॉलिश असलेल्या दस्त्याला. लाकडाची बारीक छिद्रं दिसत असतील आणि चकाकी मंद असेल तर बहुधा तेलाचं पॉलिश समजावं. वर काचेसारखी सलग साय असेल तर ते व्हार्निश किंवा पॉलियुरेथेन. त्यावर जवस लावलं तर ते आत शिरत नाही, वरच चिकचिकत राहतं. अशा दस्त्याला कोरडं फडकं आणि कधीतरी मेणाचा पातळ हात पुरतो.

घाणीचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ लवकर वाळतं, पण त्यात वाळवणारी द्रव्यं असतात, म्हणून त्याला स्वयंपाकघराची वाट दाखवू नये. दोन-तीन थेंब तळव्यावर घेऊन लाकडात चोळायचे, उरलेलं पुसायचं, पुरतं वाळल्यावरच दुसरा हात. मुठीवरच्या जाळीदार कोरीवकामात तेल साचू देऊ नये. दात घासायचा जुना ब्रश फिरवावा. बटाशी रबराची गादी असेल तर तिला तेल लागू देऊ नये, रबर फुगतं.

इथं एक इशारा महत्त्वाचा. जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना हे तेल उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. वर्ध्याच्या पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात तर हा धोका आणखी जवळचा. चिंधी दोरीवर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

जवसानं दस्त्याला पाणी लागत नाही, हेही खरं नाही. थेंब थोडा वेळ अडतो, दमट हवा आत जातेच. नवतपात लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं. उन्हाळ्यात स्क्रू ढिले वाटले म्हणून जोर लावून आवळले, तर फुगताना लाकूड तिथं दबतं. आणि गाद्यांना दाखवतात तसं दस्त्याला ऊन मुळीच दाखवू नये.

ठेवायची कुठं?

दुकानातून मिळालेल्या कव्हरात ती सुरक्षित राहते असं वाटतं. कव्हर नेण्या-आणण्यासाठी आहे. चामडं आणि फोम ओल धरतात, आणि हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर गंज झपाट्यानं धरतो. पावसाळ्यात आपल्याकडे ती आठवडेच्या आठवडे त्याच्या वर असते. कुलपाच्या कोरड्या आलमारीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, भिंतीला न टेकवता ठेवावी. काडतुसं वेगळ्या कुलपात.

खताच्या खोलीत तर कधीच नको. पोटॅश म्हणून आपण पोत्यानं आणतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या क्लोरेटच्या मसाल्यातून बार उडाल्यावर नळीत हेच मीठ उरायचं आणि एका दमट रात्रीत नळी खायला लागायचं. घामातही मीठच असतं, म्हणून पाहुण्यांनी हाताळलेली बंदूक आत ठेवण्याआधी पुसून ठेवावी.

यावरूनच आणखी एक उलटा समज सुटतो. ठासणीच्या बंदुकीला पाणी लागू देऊ नये म्हणतात. काळ्या बारुदाची राख क्षारयुक्त असते. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. बार काढल्यावर ती नळी गरम साबणपाण्यानंच धुवायची, लगेच खडखडीत कोरडी करायची आणि मग तेल द्यायचं.

निवडणुकीत बंदूक जमा करण्याचा आदेश आला की ती कित्येक आठवडे पोलीस ठाण्यात राहते. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशा दोन आचारसंहिता एकाच वर्षात आल्या. जमा करण्याआधी नळीला आतबाहेर नेहमीपेक्षा थोडा जाड हात द्यावा, दस्त्याच्या तोंडाशी नाही. पावतीवर क्रमांक नीट पाहून घ्यावा. परत मिळाल्यावर त्याच दिवशी उघडून पुसावी.

दुरुस्ती आणि ब्लूइंग परवानाधारक दुकानातच करून घ्यावं. दुसऱ्या कुणाच्या हाती बंदूक दुरुस्तीला पाठवायची तर १९५९च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवानाधारकाची लेखी परवानगी सोबत लागते. त्याच अधिनियमाच्या कलम ८ नुसार बंदुकीवरचा क्रमांक किंवा ओळखखूण पुसणं, बदलणं हा गुन्हा आहे. म्हणून क्रमांकाच्या आसपास गंज दिसला तर तिथं पॉलिश पेपर अजिबात चालवू नये; तेल, मऊ फडकं, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर सरळ परवानाधारक कारागीर.