मोठा पंप विकण्याआधी गेज लावा: पाण्याच्या ऑटोमॅटिक व्हॉल्व्हमधला धंदा



प्लंबिंगचं किंवा हार्डवेअरचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो. वीस मजली इमारत आहे, गच्चीवर टाकी आहे. विसाव्या मजल्यावरचे म्हणतात, शॉवरला धारच नाही. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणतात, वॉशिंग मशीनचा पाइप तिसऱ्यांदा फुटला. आता सांगा, तुम्ही काय विकणार?

बहुतेकांचं उत्तर एकच असतं: मोठा पंप. बिल मोठं होतं, गिऱ्हाईक खूश होतं, आणि दोन्ही तक्रारी जशाच्या तशा राहतात. कारण तळमजल्यावरचा पंप फक्त टाकी भरतो. नळाला येणारं प्रेशर टाकी किती उंच आहे त्यावर ठरतं. सोसायटीचे पैसे गेले, आणि पुढच्या कामाला तुमचं नाव कोणी घेणार नाही. म्हणून आज ऑटोमॅटिक कंट्रोल व्हॉल्व्ह समजून घेऊ. ते काय करतात, कुठे लागतात, कुठे लागत नाहीत, आणि यात लहान दुकानदाराचा पैसा नेमका कशात आहे.

आधी उंचीचा हिशेब

एक आकडा पाठ करा. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो प्रेशर. प्लंबर लोक "दोन किलो", "तीन किलो" म्हणतात ते हेच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किलो.

एक मजला ३ मीटर धरा. वीस मजले म्हणजे ६० मीटर, म्हणजे खालच्या नळावर ६ किलो. सगळ्यात वरच्या फ्लॅटला टाकी जेमतेम एका मजल्याने उंच, म्हणजे ०.३ किलोच्या आसपास. घरातल्या नळांना, शॉवरला, मशीनला १ ते ३ किलो पुरतं. म्हणजे वर कमी आणि खाली दुप्पट! एकाच इमारतीत दोन आजार आहेत आणि दोघांची औषधं वेगळी. वरच्या दोन-तीन मजल्यांना छोटा बूस्टर पंप लागेल. खालच्या मजल्यांना प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे पीआरव्ही लागेल.

जास्त प्रेशरने फक्त पाइप फुटत नाहीत, पाणीही जास्त जातं. उघड्या नळातून किंवा ठरावीक आकाराच्या भोकातून प्रेशर चौपट झालं की पाणी दुप्पट पडतं. १.५ किलोला जो नळ मिनिटाला ६ लिटर देतो, तोच ६ किलोला १२ लिटर देईल. टँकर मागवणाऱ्या सोसायटीला हे एक वाक्य नीट सांगता आलं तर अर्धी विक्री तिथेच झाली.

"ऑटोमॅटिक" म्हणजे ॲप नव्हे

ऑटोमॅटिक म्हटलं की लोकांना सेन्सर आणि मोबाइल आठवतो. तशी सोय मिळतेही. पण मूळ ऑटोमॅटिक व्हॉल्व्ह आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, टाकीतला बॉल कॉक! पाणी चढलं की गोळा वर जातो आणि पाणी बंद होतं. ना वीज, ना माणूस.

मोठ्या व्हॉल्व्हमध्ये हीच युक्ती थोडी पुढे नेलेली असते. आत रबराचा पडदा असतो, त्यालाच डायफ्रॅम म्हणतात. लाईनचंच पाणी बारीक नळीतून या पडद्याच्या वर सोडतात. पडद्याचं क्षेत्र खालच्या सीटपेक्षा मोठं असतं. त्यामुळे वरून तेवढंच प्रेशर दिलं तरी व्हॉल्व्ह मिटतो. वरचं पाणी काढून घेतलं की व्हॉल्व्ह उघडतो. किती पाणी ठेवायचं आणि किती सोडायचं हे बाजूचा छोटा पायलट व्हॉल्व्ह ठरवतो. पायलटचा स्क्रू फिरवला की पुढचं प्रेशर सेट झालं. फ्लॅटच्या लाईनवर बसणाऱ्या लहान पीआरव्हीत पायलट नसतो, तिथे सरळ स्प्रिंग आणि पडदा काम करतात.

कुठे कोणता?

*टाकी ओसंडते:* फ्लोट व्हॉल्व्ह. मोठ्या टाकीला फ्लोट पायलटवाला.

*खालच्या मजल्यांना किंवा खालच्या आळीला जास्त प्रेशर:* पीआरव्ही.

*एकच आळी सगळं पाणी ओढते:* फ्लो कंट्रोल व्हॉल्व्ह. ठरवलेल्या प्रवाहापेक्षा जास्त पाणी तो पुढे जाऊ देत नाही.

*लाईन टेकाडावरून जाते:* एअर व्हॉल्व्ह. उंच जागी हवा अडकली की पाणी अडतं. लाईन रिकामी होताना हाच व्हॉल्व्ह हवा आत घेतो, नाहीतर पाइप आतून चेपू शकतो. गळतो म्हणून तो बंद करून ठेवणं म्हणजे खोकला येतो म्हणून नाक दाबून धरणं.

*लाईट गेली की पंपापाशी धाडकन आवाज:* पंप कंट्रोल व्हॉल्व्ह. रोज पंप चालू-बंद करताना तो हळू उघडतो आणि हळू मिटतो. पण अचानक वीज गेली की लांब लाईनला वेगळा सर्ज व्हॉल्व्हही लागू शकतो. तो हिशेब इंजिनिअरकडूनच करून घ्या.

कुठे विकू नये

हा भाग नीट वाचा, कारण दुकानाचं नाव इथेच होतं किंवा इथेच जातं.

समजा गावात रोज एक तास पाणी सुटतं. सगळे नळ एकदम उघडे. खालची आळी हंडे भरते, वरच्या वाडीला थेंब नाही. तिथे पीआरव्ही बसवला तर काय होईल? बऱ्याचदा काहीच होणार नाही. सगळीकडून पाणी वाहत असल्यामुळे लाईनमध्ये प्रेशर चढतच नाही. ते सेटिंगच्या वर गेलं नाही तर पीआरव्ही नुसता पूर्ण उघडा बसून राहतो. अशा ठिकाणी फ्लो कंट्रोल, नाहीतर आळीनिहाय वेळ वाटून देणं हाच उपाय. दुसरा उपाय करायला गावचा वॉल्व्हमन पुरतो, व्हॉल्व्ह विकतच घ्यावा लागत नाही. हे तुम्ही ग्रामपंचायतीला तोंडावर सांगितलं तर पुढचं काम विचारायला ते तुमच्याकडेच येतील.

साइज ठरवतानाही असंच. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलेले आहेत. १,५०० वस्तीचं गाव म्हणजे दिवसाला ८२,५०० लिटर. हे पाणी एका तासात द्यायचं की चार तासांत? चार तासांत दिलं तर तासाला २०,६२५ लिटर होतात, एका तासात दिलं तर त्याच्या चौपट. पाइप तोच, पण व्हॉल्व्ह वेगळा लागू शकतो. म्हणून "चार इंची पाइप आहे, चार इंची द्या" एवढ्यावर बिल फाडू नका, आधी प्रवाह विचारा. गरजेपेक्षा मोठा पीआरव्ही रात्री कमी वापराच्या वेळी थरथरतो, आवाज करतो आणि लवकर खराब होतो.

आणखी एक अंगठ्याचा नियम. एका पीआरव्हीने प्रेशर साधारण तीनास एकपेक्षा जास्त उतरवू नका. ९ किलोचं थेट २ किलो करायचं असेल तर दोन टप्पे करा. नाहीतर आत पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू कुरतडला जातो.

मात्र चोवीस तास पाण्याचा विषय निघाला की चित्र बदलतं. महाराष्ट्रात कराडजवळच्या मलकापूरने आणि नागपूरसारख्या मोठ्या शहराने हा मार्ग धरला. लाईन कायम भरलेली राहिली की रात्री वापर कमी होतो, प्रेशर चढतं आणि गळती वाढते. तिथे पीआरव्हीचं खरं काम सुरू होतं.

पैसा देखभालीत आहे

व्हॉल्व्ह विकणारे खूप आहेत आणि ऑनलाइन भाव सगळ्यांना दिसतो. पण बसवलेला व्हॉल्व्ह वर्षानंतर चालू आहे का, हे बघणारे फार थोडे. बिघाड बहुतेक साधेच असतात: जाळी तुंबलेली, सीटवर खडा, पडदा फाटलेला, नाहीतर कोणीतरी बायपास उघडून विसरलेलं.

तपासणी सोपी आहे. व्हॉल्व्हच्या पुढचे सगळे नळ बंद करा, बायपास बंद आहे ना ते बघा आणि पुढच्या गेजकडे बघत राहा. काटा सेटिंगजवळ थांबला तर ठीक. हळूहळू चढत मागच्या प्रेशरला जाऊन भिडला तर सीट धरत नाहीये. दिवसा सगळं ठीक आणि रात्री पाइप फुटतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

आता वार्षिक कराराचा नमुना मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे तुम्ही टाका. १४ पीआरव्ही असलेली सोसायटी, वर्षाला दोन फेऱ्या. एका फेरीला दोन माणसांची मजुरी १,८००, पेट्रोल ४००, बारीक साहित्य ३००, म्हणजे २,५००. दोन फेऱ्यांचे ५,०००. तातडीच्या दोन अर्ध्या दिवसांच्या फेऱ्या धरून आणखी २,५००. झाले ७,५००. त्यावर दुकानखर्च २० टक्के, म्हणजे १,५००. एकूण ९,०००. त्यावर नफा २५ टक्के, म्हणजे २,२५०. करार झाला ११,२५० रुपयांचा. पडदे, रबर किट यांचं बिल वेगळं.

अशा २० सोसायट्या म्हणजे वर्षाला २,२५,००० रुपयांची उलाढाल, त्यात नफा ४५,०००, आणि वर्षातले ६० दिवस काम. एवढ्यावर घर चालणार नाही, हे स्पष्ट सांगतो. पण हे पैसे आधीच ठरलेले आहेत, दुकानात मंदी असली तरी येतात, आणि २० कमिट्यांच्या दारात वर्षातून दोनदा हक्काने जायला मिळतं. टाकी, पंप, नळ, पाइप, सगळ्याची पुढची ऑर्डर तिथूनच येते. एक लक्षात ठेवा: फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे ४० लाख आहे, पण सेवा जोडली की ती २० लाखांवर येते. आधी सीएला विचारून घ्या.

या आठवड्याचा गृहपाठ

काही शे रुपयांत मिळणारा प्रेशर गेज घ्या आणि नळाला लागणारा अडॅप्टर करून घ्या. ओळखीच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून वरचा, मधला आणि खालचा अशा तीन मजल्यांवर रीडिंग घ्या, एकदा सकाळच्या गर्दीत आणि एकदा रात्री अकरानंतर. सहा आकडे एका कागदावर लिहून कमिटीला द्या. पैसे मागू नका आणि काही विकूही नका. ते आकडे बघून कमिटी जे प्रश्न विचारेल, ते वहीत उतरवून घ्या.

तुमची सहा रीडिंग खाली कमेंटमध्ये टाका, सोबत मजले किती तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच काही इमारतींचा हिशेब फळ्यावर सोडवू.