पारंपरिक केशरचना व आधुनिक साधने



महालक्ष्म्यांचे पूजन, हळदीकुंकू अथवा विवाहप्रसंगी नऊवारीसोबत खोपा किंवा अंबाडा घालण्याची इच्छा लोधीखेडा परिसरातील अनेक भगिनींना होते. त्यांच्या माहितीसाठी हा लेख सादर करीत आहोत.

आपला प्रदेश प्राचीन काळी वाकाटकांच्या राज्यात होता. द्वितीय प्रवरसेनाचा ताम्रपट पांढुर्णा येथे मिळालेला आहे. याच घराण्याच्या वत्सगुल्म शाखेतील राजा हरिषेण याच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याचे १७ क्रमांकाचे लेणे कोरले गेले. तेथे आरशात पाहून शृंगार करणारी स्त्री चित्रित आहे. अजिंठ्याच्या चित्रांत मानेवर विसावलेले अंबाडे, कपाळावरील कुरळ्या बटा व केसांत माळलेली फुले दिसतात.

पूर्वी केस विरळ असल्यास गंगावनाचा आधार घेत. आज तेच काम स्पंजची गोल चकती करते. कोरड्या केसांचा भांग पाडून मानेजवळ सैल शेपटा बांधावा व तो चकतीतून ओढून घ्यावा. केस चकतीभोवती सारखे पसरावेत, वर जाळी घालावी आणि चहूबाजूंनी यू आकाराच्या पिना लावाव्यात. अग्रफूल, राखडी आदी दागिने केसांना न अडकवता जाळीस व चकतीस अडकवावेत. त्यामुळे भार केसांच्या मुळांवर येत नाही. गजरा शेवटी गुंडाळावा.

अजिंठ्यासारख्या बटांसाठी किंचित ओलसर केस कापडी पट्टीवर गुंडाळून रात्रभर वाळू द्यावेत. विजेची कांडी वापरावयाची असल्यास केस पूर्ण कोरडे असावेत. ओल्या केसांतील पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष वेधतो. घट्ट केशरचना वारंवार केल्यास कपाळालगतचे केस गळू लागतात. सुरुवातीस ते पुन्हा येतात, परंतु वर्षानुवर्षे ताण राहिल्यास कायमचे जातात. लहान मुलीने डोके दुखत असल्याचे सांगितल्यास केस तत्काळ सैल करावेत. दुसरे असे की, केसांवरील स्प्रे ज्वलनशील असतो. तो निरांजन, समई व चुलीपासून दूर फवारावा आणि पूर्ण वाळल्यावरच आरतीस उभे राहावे.

रूप पूर्वजांचे घ्यावे, भार मात्र नव्या साधनांवर सोपवावा, अशी सर्व भगिनींना नम्र विनंती.